खोपोलीला एकच दिवस आहे: राइड्स की पाणी?

केशरी_चहा

नमस्कार मंडळी. नेहमीची वाचक, धागा पहिलाच, सांभाळून घ्या.

मे महिन्यात एक मंगळवार काढलाय. आम्ही चिंचवडचे चौघं, मोठे दीर-जाऊबाई आणि पुतण्या डोंबिवलीहून, शिवाय साबा (सासूबाई). एकूण आठ डोकी. दोन्हीकडच्यांना मधलं पडावं म्हणून खोपोली ठरलं, म्हणजे इमॅजिका. इथपर्यंत सगळं एकमताने झालं. पण तिथे थीम पार्क आणि वॉटर पार्क शेजारीशेजारी असले तरी तिकिटं वेगळी, आणि आमच्याकडे दिवस एकच. तेव्हापासून व्हॉट्सॅप ग्रुपवर रोज रात्री साडेदहाला महाभारत.

पात्रपरिचय: पुतण्या १५ वर्षांचा, त्याला फक्त 'नायट्रो' रोलर कोस्टर हवंय. लेक ११, तिला पाणी. धाकटा ६ वर्षांचा, त्याला आइस्क्रीम. नवऱ्याच्या मणक्यात गॅप आहे, वजन उचलायचं नाही, झटके नकोत. साबा ६९, गुडघे दुखतात. मला स्वतःला आकाशपाळण्यातसुद्धा गरगरतं. दीर म्हणतात, "तुम्ही ठरवा, मी पैसे देतो."

काय करावं?

गोराईची_बोट

दिरांसारखा माणूस जपून ठेवा.

मी बोरिवलीचा. आमच्या लहानपणी हा प्रश्नच नव्हता. एसेलवर्ल्ड १९८९ मध्ये उघडलं तेव्हा निम्मी सहल खाडीतल्या बोटीतच व्हायची. वॉटर किंगडम आलं १९९८ ला, आणि मग घराघरात तुमच्यासारखी भांडणं सुरू झाली. एसेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झालं. पाळण्यांपेक्षा त्या बोटीची आठवण जास्त येते, खरं सांगतो.

माझं मत थीम पार्कला. १५ वर्षांच्या मुलाला पाण्यात नेलंत तर तो तासाभरात सगळ्या घसरगुंड्या संपवून मोबाइल मागेल. नायट्रोची गंमत वेगळीच आहे. साधारण ४० मीटर उंची, पाच वेळा उलटं करतात, आणि पायाखाली फळी नाही, पाय लोंबकळत राहतात. रांगेत निवड मिळाली तर त्याला सांगा, समोर बघायचं असेल तर पहिली रांग, पोटात गोळा हवा असेल तर शेवटची. पुढचे डबे उताराला लागले की मागच्यांना खेचून घेऊन जातात, त्यामुळे मागे बसणारा शिखरावर सीटमधून उचलला जातो.

निळी_छत्री

वरच्या प्रतिसादाशी असहमत. ताई, मेमध्ये खोपोलीत दुपारी एक ते चार काय असतं ते तुम्ही विसरताय. पुण्यासारखी कोरडी हवा नाही ती. घाट उतरला की कोकण लागतं, घाम वाळतच नाही. साठी उलटलेल्या बाईला त्या उन्हात फरशांवरून चालवणार का?

पाणी. डोळे झाकून.

गोराईची_बोट

@निळी_छत्री, थीम पार्कातल्या बऱ्याच गोष्टी आतमध्ये, एसीत आहेत हो. 'आय फॉर इंडिया'मध्ये खुर्च्या भल्यामोठ्या गोल पडद्यासमोर नेऊन लोंबकळवतात आणि अख्ख्या भारतावरून उडवून आणतात. अलिबाबाच्या राइडमध्ये गाडीत बसून खेळण्यातल्या बंदुकीने नेम धरायचा. सकाळी गेल्या गेल्या उघड्यावरचे मोठे पाळणे, भर दुपारी हे एसीतले, ऊन उतरलं की पुन्हा बाहेर. असा क्रम लावला की ऊन बाधत नाही. लोक करतात नेमकं उलटं. सकाळी गारव्यात फोटो काढतात आणि बाराला नायट्रोच्या रांगेत उभे राहतात.

दशमी_आणि_दही

दोघंही भलत्याच टोकाने विचार करताय असं वाटतं.

आमच्या सोसायटीच्या सहली गेली आठ वर्षं मीच ठरवते, दरवेळी चाळीसेक माणसं. सगळे विचारतात 'कोणाला काय आवडेल?' मी विचारते, जो काहीच करणार नाही तो दिवसभर कुठे बसेल? मज्जा करणाऱ्यांची सोय आपोआप होते. दिवस नासतो तो बॅगांपाशी बसवलेल्या माणसाचा, आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत तो सगळ्यांना ते ऐकवतो.

तुमच्याकडे असे तीन आहेत: साबा, नवरोबा आणि तुम्ही. आठातले तीन. म्हणजे नायट्रो किती उंच हा मुद्दाच नाही.

थीम पार्कात या तिघांना सावली आणि एसी मिळेल, पण चालणं भरपूर. वॉटर पार्कात चालणं कमी, पण ओल्या फरशीवर गुडघेवाल्या माणसाने पाय जपून टाकायचा. शिवाय कोरड्या कपड्यात बसलेल्या माणसाला तिथे फार परकं वाटतं. मी बसलेय तशी. आजूबाजूचं अख्खं जग ओलं आणि आपण मांडीवर पाच जणांचे टॉवेल घेऊन.

आणि मणक्याचा त्रास असलेल्याला रोलर कोस्टर नको हे सगळ्यांना कळतं, घसरगुंडीचं कुणाच्या लक्षात येत नाही. ट्यूबवरून खाली येताना शेवटी जो आपटा बसतो तो थेट माकडहाडाला. माझ्या भावाने (पार्कचं नाव नको) तो घेतला आणि पुढचे दहा दिवस उशीवर बसून जेवला. नवरोबांना लेझी रिव्हर मात्र उत्तम. ट्यूबमध्ये पडून राहायचं, पाणी फिरवून आणतं.

केशरी_चहा

बापरे, हे डोक्यातच आलं नव्हतं. साबा बॅगांपाशी बसतील असं मी मनातल्या मनात धरूनच चालले होते. आता लाज वाटतेय.

दशमी_आणि_दही

लाज कसली. त्यांना विचारलंत का? फोन करा.

पट्टी_आणि_पेन्सिल

धाकट्याची उंची मोजा, आत्ता, दाराच्या चौकटीला टेकवून, बूट काढून. पार्कात वय कोणी विचारत नाही. प्रत्येक राइडच्या तोंडाशी पट्टी रंगवलेली असते, पोराला तिच्यापाशी उभं करतात, आणि बऱ्याच ठिकाणी तिकिटाचा दरही उंचीवरच ठरतो. मग पार्कच्या साइटवर एकेका राइडची मर्यादा बघा. सहा वर्षांची मुलं मध्येच लटकतात: बाळांच्या पाळण्यांना मोठी, मोठ्या पाळण्यांना लहान. आमचा एकदा रांगेच्या टोकाशी जाऊन दोन बोटांनी कमी भरला. पाऊण तासाची रांग आणि मग भोकाड. त्यानंतर मी आधी पट्टी बघून येते, मग पोराला राइडचं नाव सांगते.

डायनोसॉरचं वेड असेल तर थीम पार्कातली राजासॉरसची बोट राइड मात्र दाखवा. मुलांना वाटतं नाव पार्कवाल्यांनी बनवलंय. खरा प्राणी आहे, गुजरातेत खेडा जिल्ह्यात हाडं सापडली, २००३ मध्ये नाव दिलं राजासॉरस नर्मदेन्सिस. आमच्याकडे त्यावर आठवडाभर व्याख्यान झालं.

निळी_छत्री

पाण्याच्या बाजूने आणखी थोडं, कारण मी हट्टी आहे.

लोक घसरगुंड्यांना घाबरतात. मी घाबरते वेव्ह पूलला. घसरगुंडीवर वर एक माणूस असतो, खाली एक असतो, एका वेळी एकच जण किंवा एकच ट्यूब सुटते. वेव्ह पूलमध्ये भोंगा वाजला की शेकडो माणसं एकाच दिशेने खोल बाजूकडे धावतात, आणि लाट आली की सगळी एकमेकांवर. सहा वर्षांचं पोर त्या गर्दीत दिसेनासं व्हायला लाट मोठी असावी लागत नाही. घोट्याएवढ्या पाण्यात, कडेला, हात धरून. एका लहानामागे एक मोठा, नाव घेऊन नेमलेला. "आम्ही सगळे बघतोय" म्हणजे कोणीच बघत नाहीये.

कपडे नायलॉनचेच. सुती कपडा पाणी पिऊन जड होतो, त्याचे धागे सुटून गाळणीत अडकतात, म्हणून नको म्हणतात. धातूची चेन, बटणं, टिकल्या, लटकन काही नको, घसरगुंडीच्या फायबरला चरे पडतात आणि मागून येणाऱ्याची पाठ सोलते. तिथे भाड्याने मिळतात, पण आपले असलेले बरे.

आणि तो जो 'क्लोरीनचा वास' म्हणतात ना, तो निव्वळ क्लोरीनचा नसतो. क्लोरीन घामाशी आणि (माफ करा) मुतण्याशी मिसळलं की क्लोरामाइन तयार होतात, डोळे त्यानेच चुरचुरतात. म्हणून आधी शॉवर घ्या आणि पोरांना दर तासाला बाहेर काढून न्या.

अबोली_८१

एक नाजूक मुद्दा, बायका ग्रुपवर बोलत नाहीत म्हणून इथे लिहिते. तारीख नक्की करण्याआधी तुम्ही, जाऊबाई आणि लेक (११ वर्षांची आहे म्हणून) कॅलेंडर बघा. आमच्याकडे आगाऊ तिकिटं काढली आणि दोघींची अडचण नेमकी त्याच दिवशी. भाची दिवसभर काठावर. कप किंवा टॅम्पॉन वापरत असाल तर प्रश्न नाही, पण ऐनवेळी कोणी शिकत नाही.

खोपोलीकर

गाववाला म्हणून दोन शब्द. मंगळवारी येताय ते ठीक. शनिवार-रविवारी सकाळी घाटात अडकलात तर साडेअकराला गेटवर पोचाल आणि पैसे अर्धे वाया.

डोंबिवलीकरांनी गाडी नसेल तर खोपोली लोकल पकडावी, पण खोपोलीच्या गाड्या मोजक्याच. एक चुकली की कर्जतला बसून वडापाव. स्टेशनाबाहेर रिक्षा मिळतात, भाडं आधी ठरवा.

साबांना पार्कात रस नसेल तर महडचा वरदविनायक इथेच जवळ आहे, आणि पार्क ज्या रस्त्यावर आहे तोच पुढे पालीला बल्लाळेश्वराकडे जातो. अष्टविनायकातले दोन एका दिवशी.

गोराईची_बोट

हा खरा सल्ला! आणि हो, पार्क शेजारी आहेत तर तुकड्या का करत नाही? पुतण्या आणि दीर थीम पार्कात, बाकीचे पाण्यात. संध्याकाळी गेटवर भेटा.

केशरी_चहा

तुकड्यांचं मी सुचवलं. जाऊबाई म्हणाल्या, "मग डोंबिवलीहून कशाला यायचं, पुतण्याला घेऊन वेगळे येतो की कधीतरी." बरोबर आहे त्यांचं. वर्षातून दोनदा भेटतो आम्ही.

साबांना फोन केला. मला वाटलं होतं म्हणतील, तुम्ही ठरवा गं. त्या म्हणाल्या, "मला यायचंच नाहीये, पण तुम्ही कोणी विचारलंच नाहीत. मला महडला न्या, पण पार्कात बॅगांपाशी बसा म्हणू नका. मी आधीच डोंबिवलीला जाऊन राहते, आदल्या दिवशी देवळात जाऊ." म्हणजे देव आदल्या दिवशी, दिरांच्या गाडीने, शांतपणे. आमचे उरले सात, आणि बसून राहणारी मी एकटी. मी पाण्यात उतरायचं ठरवलंय. पोहता येत नाही, पण घोट्याएवढं पाणी मलाही चालेल.

पुतण्याला नायट्रोचं वचन दिवाळीनंतरचं दिलंय. लेखी मागितलंय त्याने.

केशरी_चहा

जाऊन आलो! उत्तरं देणाऱ्यांचं देणं लागते म्हणून लिहितेय.

सगळ्यांना नायलॉनचे सेट घेतले, यादी करून, टिक मारून. आणि गेटवर अडकले कोण? मी. माझ्या लेगिंगला घोट्यापाशी दोन इंचांची शोभेची चेन, खालच्या टोकाला लटकन. दुकानात मला ती दिसलीही नव्हती. तिथल्या ताईंनी बोट दाखवलं फक्त. जाऊबाईंच्या पर्समध्ये नेलकटर निघालं, त्याच्या छोट्या पात्याने दोन्ही पायांची शिवण बाकावर बसून उसवली. वीस मिनिटं लागली. लेक लाजून दुसऱ्याच कुटुंबात उभी होती.

नवरा लेझी रिव्हरमध्ये ट्यूबवर पडला तो जेवायलाच उठला. मणका ठणठणीत. पण पाय आणि पोट लालभडक, सनस्क्रीन फक्त तोंडाला लावलं होतं त्याने. ट्यूबवर झोपलेल्या माणसाचं पोट सूर्याकडे असतं, हे कोणीतरी धाग्यात लिहायला हवं होतं.

पुतण्या तासाभरात कंटाळेल हे भाकीत चुकलं बरं का, गोराईवाले. एकाच घसरगुंडीवर अकरा वेळा गेला, लेकीला घेऊन, जोडीच्या ट्यूबवर. आकडा तिने मोजला. धाकट्याचं माणूस म्हणून दिरांची नेमणूक केली होती नाव घेऊन, आणि दीर खरंच दिवसभर त्याच्या मागे दोन हातांवर. पैसे पण त्यांनीच दिले.

तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा गाडीत ठेवला होता, बाहेरचं आत नेऊ देत नाहीत म्हणून. संध्याकाळी पार्किंगमध्ये डिकी उघडून सात जणांनी उभ्याउभ्या संपवला. मेच्या उन्हात दिवसभर बंद गाडीत राहून पुऱ्या गरम झाल्या होत्या.

आता एक सांगा, लालभडक पोटाला कोरफड लावतेय, अजून काय? आणि थीम पार्कसाठी नोव्हेंबर बरा की डिसेंबर? पुतण्याने कागद फ्रिजवर लावलाय.

गोराईची_बोट

अकरा वेळा! मागे घेतो शब्द. नोव्हेंबरात या, दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्या की लगेच, मधल्या वारी. आणि शेवटची रांग लक्षात ठेवा म्हणावं.

दशमी_आणि_दही

कोरफड ठीक, गार पाण्याच्या घड्या ठेवा, दोन दिवस सैल सुती सदरा. फोड आले तर डॉक्टरांकडे. आणि साबांना महडचा प्रसाद मागितलात का?