'ज्युनिअरला पाण्यात ढकला' म्हणणाऱ्यांना

कैफियत:
काल इथे एका ज्येष्ठांनी लिहिलं की वकिली हे एकट्याचं काम, टीम वगैरे कंपन्यांचे चोचले. ज्युनिअरला पाण्यात ढकलावं, दम असेल तो पोहेल. खाली 'अगदी खरं सर' म्हणणाऱ्यांची रांग लागली होती. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

पाण्यात ढकललं म्हणून ज्युनिअर बुडत नाही हो. तो दुसरं ऑफिस गाठतो. बुडतो तो अशील.

माझे पहिले सर ब्रीफ, म्हणजे प्रकरणाचे कागद, टेबलावर टाकून 'बघून घे' म्हणायचे. काय बघायचं, कधीपर्यंत, काही नाही. विचारायला गेलं की 'एवढंही कळत नाही?' तीन महिन्यांत मी विचारणंच सोडलं. मग एका लेखी जबाबाला मी मूळ कराराची प्रत जोडली. त्या करारात नंतर दुरुस्ती झाली होती. सरांना ठाऊक होतं, मला नव्हतं. आदल्या संध्याकाळी शंका आली होती, पत्रव्यवहारातल्या तारखा जुळत नव्हत्या. सरांचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी दुरुस्तीपत्र काढून दाखवलं. आमचा अशील माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती अजून विसरलेले नाही.

आज माझ्या हाताखाली चौघं आहेत. ब्रीफ देताना मी दहा मिनिटं बसते. अशिलाला नेमकं काय हवंय, प्रकरण कोणत्या कागदावर उभं आहे, पहिला मसुदा कधी हवा. आणि एक नियम: अर्धा तास स्वतः झगडायचं, तरी सुटलं नाही तर माझ्याकडे यायचं. मसुदा मी स्वतः पुन्हा लिहून काढत नाही, समासात 'हा परिच्छेद कशासाठी?' एवढं विचारते. वेळ जातो. पहिले सहा महिने फार जातो.

हार्वर्डच्या संशोधक एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास करून 1996 मध्ये लिहिलं होतं. जिथे प्रमुख चांगला, तिथे औषधांच्या नोंदलेल्या चुका जास्त निघाल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा, की तिथे चुका सांगायची भीती नव्हती. ओरडणाऱ्या सीनिअरच्या ऑफिसात चुका होत नाहीत असं वाटतं, कारण त्या सांगायला कोणी जात नाही.

जुनाकोट:
ती पोस्ट माझीच. शब्द मागे घेत नाही.

वकीलपत्रावर नाव माझं असतं. न्यायाधीश 'तुमच्या टीमचं काय म्हणणं आहे' असं विचारत नाहीत. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते आठवड्याला चार वाक्यं बोलायचे. मागे बसून ऐकलं, जुन्या फाइली वाचल्या, शिकलो. तुम्ही दहा मिनिटं बसता ते ठीक, पण कोणासाठी? दोन वर्षं मी एकाला उलटतपासणी शिकवली, प्रश्न लिहून दिले, माझ्या अशिलांसमोर बसवलं. तो गेला तेव्हा तीन अशील बरोबर घेऊन गेला. मला निरोपाचा फोनही केला नाही. त्यानंतर मी शिकवणं थांबवलं. मला शिकवू नका.

मसुदाकार:
दोघंही एक गोष्ट सोडताय. मोठ्या फर्ममध्ये शिकवायला वेळ मिळतच नाही, कारण अशिलाचं बिल तासांवर बनतं आणि दिवस सहा-सहा मिनिटांत मोजला जातो. मी अशिलाच्या नावावर किती तास मांडले ते दर आठवड्याला दिसतं. ज्युनिअरबरोबर बसलेला तास कुठल्याच अशिलाच्या नावावर जात नाही, म्हणजे तो माझ्या नावावर तोटा. मग मसुदा परत देण्याऐवजी मी रात्री स्वतःच लिहून टाकते. ज्युनिअरला वाटतं त्याचं बरोबर होतं. पुढच्या वेळी तीच चूक. स्वभावाला नावं ठेवण्याआधी हिशोबाची पद्धत बदला.

कैफियत:
हे मान्य. आमचं ऑफिस लहान आहे, मला तो जाच नाही.

डायरीवाला:
मी वकील नाही, मुन्शी आहे. बावीस वर्षं तारखा आणि मुदती लिहितोय. इथे टीम म्हणजे सीनिअर आणि ज्युनिअर एवढंच दिसतंय. टायपिस्ट, मुन्शी, कोर्टात कागद लावणारा पोरगा, आम्ही कुठे आहोत?

प्रकरण जिंकलं की साहेबांचा युक्तिवाद, मुदत हुकली की मुन्शी. एकदा साहेबांनी कोर्टाच्या पायऱ्या उतरता उतरता निकालाची तारीख सांगितली. मी तीच लिहिली, तिथूनच अपिलाचे दिवस मोजले. निकालाची प्रत महिनाभर साहेबांच्या बॅगेत पडून होती, मी पाहिलीच नाही. प्रत्यक्ष निकाल आठवडाभर आधीचा निघाला. अशिलासमोर साहेब म्हणाले, 'आमच्या मुन्शीने घोळ केला.' मी तिथेच उभा होतो.

जुनाकोट:
कागद न बघता तारीख लिहिली ही तुमचीही चूक. रागावू नका, पण मुदत मोजणं हे मुन्शीचं काम आहे.

डायरीवाला:
प्रत मागायला दोनदा गेलो होतो. 'नंतर' म्हणाले. साहेबांच्या बॅगेत हात घालायचा का मी?

तळटीप:
जुनाकोट सर, 'मुदत मोजणं मुन्शीचं काम' हे वाक्य अमेरिकेत एका वकिलाला फार जड गेलं असतं. पिंके विरुद्ध अँड्र्यूज, तिथल्या नवव्या सर्किटच्या, म्हणजे पश्चिमेकडच्या राज्यांच्या, अपील न्यायालयाचा 2004 चा निकाल. फर्ममध्ये मुदतींची रीतसर यंत्रणा होती. पॅरालीगलने, म्हणजे वकिलाच्या प्रशिक्षित मदतनीसाने, अपिलाची मुदत 60 दिवस सांगितली. ती सरकार पक्षकार असेल तेव्हाची. इथे 30 होती. वकिलाने नियम उघडून पाहिला नाही. खालच्या न्यायाधीशाने उशीर माफ केला, अपिलात आधी ते उलटलं, आणि मुद्दा मोठ्या पीठापुढे गेला तेव्हा माफी टिकली. न्यायाधीशांनी फर्मची यंत्रणा वाचवली असं नाही, खालच्या न्यायाधीशाच्या विवेकात हात घातला नाही इतकंच.

मसुदाकार:
आणि मेपल्स विरुद्ध थॉमस? अलाबामातला फाशीची शिक्षा झालेला कैदी. न्यूयॉर्कच्या फर्ममधले त्याचे दोन वकील 2004 मध्ये नोकरी सोडून गेले. कोर्टाला कळवलं नाही, त्याला कळवलं नाही. 2006 मध्ये अर्ज फेटाळल्याचा आदेश त्यांच्या नावाने फर्मला गेला आणि पाकीट न उघडता परत आलं. अपिलाचे 42 दिवस निघून गेले. 2012 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 7 विरुद्ध 2 मतांनी त्याला पुढे दाद मागायची वाट दिली, कारण वकिलांनी त्याला वाऱ्यावरच सोडलं होतं. या साखळीत कोणी ओरडलं नव्हतं, कोणी आळशीही नसेल. जाणाऱ्याचं काम कोणाकडे, हे कोणी लिहून ठेवलं नव्हतं. माणूस फाशीच्या कोठडीत आणि त्याचा कागद टपालखोलीतून परत! हे वाचलं तेव्हा मला आमच्याच फर्ममधून गेलेल्या तिघांच्या फाइली आठवल्या आणि झोप उडाली.

जुनाकोट:
परदेशातले निकाल तोंडावर फेकू नका. तिथल्या फर्म वेगळ्या, आमची दोन खोल्यांची ऑफिसं वेगळी.

कैफियत:
दोन खोल्यांच्या ऑफिसातून माणसं जात नाहीत? तुमचा तो ज्युनिअर गेला तेव्हा त्याच्याकडच्या प्रकरणांची यादी केली होती का तुम्ही?

जुनाकोट:
वैयक्तिक होऊ नका.

कैफियत:
प्रकरण तुम्हीच काढलंत. तुमच्या दुखण्याला मी कमी लेखत नाही. पण विचारतेय.

जुनाकोट:
(दोन तासांनी)
नव्हती केली. रागात होतो. त्याच्या हातातलं एक प्रकरण गैरहजेरीत फेटाळलं गेलं. ते पुन्हा बोर्डावर आणताना माफीचं शपथपत्र मी दिलं, स्वतःच्या नावाने. त्याला दोष दिला मनात, इतकी वर्षं. जाणाऱ्याकडून यादी घ्यायची ती सीनिअरने, हे मान्य करतो. मुन्शींना जे बोललो तेही घाईचं होतं. निकालाची प्रत साहेबांनीच द्यायला हवी होती.

पण पाण्यात ढकलण्याबद्दल मत तेच. पहिली उलटतपासणी कोणी हात धरून करवत नसतं.

तळटीप:
पहिली उलटतपासणी एकट्याने करणं वेगळं आणि प्रकरणाचे कागद न दाखवता उभं करणं वेगळं. तुम्ही स्वतः त्याला प्रश्न लिहून दिले होते ना?

जुनाकोट:
दिले होते. तो मुद्दा तुमचा.

उद्यापासून मुदतींची दुसरी डायरी सुरू करतो. एक मुन्शीकडे, एक ऑफिसात. दर शनिवारी ताडून बघायच्या. एवढ्यावर समाधान माना.

डायरीवाला:
साहेब, दुसरी डायरी कोण लिहिणार ते आधी ठरवा. मी पाहिलेल्या तिन्ही ऑफिसांत दुसरी पहिलीवरूनच उतरवली जायची, आणि तीही मीच उतरवायचो. दिवस दुसऱ्या माणसाने निकालाची प्रत समोर ठेवून नव्याने मोजले पाहिजेत. ज्युनिअरला बसवा त्या कामाला, आणि प्रत बॅगेतून काढून त्याच्या हातात द्या.