‘थिसल’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : यकृताच्या औषधांवरील एका लेखाचा अनुवाद करताना ‘मिल्क थिसल’ हे नाव आले. थिसलसाठी मला ‘उटकटारी’ हा प्रतिशब्द सुचवण्यात आला आहे. त्यावरून ‘दुधी उटकटारी’ असे लिहिलेले चालेल का?

उत्तर : माझ्या मते चालणार नाही. थिसल हे कोणा एका वनस्पतीचे नाव नसून सूर्यफुलाच्या कुळातील, काटेरी पाने आणि काटेरी छदांनी (फुलाखालच्या पानासारख्या भागांनी) वेढलेली फुले असणाऱ्या अनेक वनस्पतींना ते सरसकट लावले जाते. उटकटारी मात्र एकच, एकिनॉप्स एकिनाटस. उंटकटारा आणि काटेचेंडू ही तिचीच नावे. त्यांतले काटेचेंडू मला अधिक नेमके वाटते. तिच्या पानांची खालची बाजू पांढऱ्या लवीने कापसासारखी दिसते. तिचा गोल चेंडू मधोमध कापून पाहिला, तर ते एक फूल नसून दाटीने बसलेली असंख्य लहान फुले आहेत आणि प्रत्येकाभोवती त्याचे स्वतःचे काटेरी कुंपण आहे, हे लक्षात येते. ही फुले चेंडूच्या माथ्यापासून खाली उमलत येतात. औषधात हिचे मूळ वापरतात, प्रामुख्याने लघवी साफ होण्यासाठी.

मिल्क थिसल म्हणजे सिलिबम मारियानम. तिच्या तुकतुकीत पानांवर शिरांलगत पांढरे पट्टे असतात आणि ते मेरीच्या दुधाचे थेंब सांडून उमटले, अशी ख्रिस्ती आख्यायिका आहे. नावातले ‘मिल्क’ आणि ‘मारियानम’ दोन्ही तिथूनच आले. मराठीत ‘दुधी’ म्हटले की आधी भोपळा आठवतो, नाहीतर चीक असलेले झाड, त्यामुळे ही आख्यायिका अनुवादात हरवतेच. हिचे औषधी द्रव्य सिलिमारिन मुळात नसून फळात असते (ज्याला व्यवहारात बी म्हणतात, ते वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने फळच). त्यातला मुख्य घटक सिलिबिनिन. अमानिटा फॅलॉइड्स या विषारी अळंबीची बाधा झाल्यास युरोपात तो शिरेवाटे देतात. यकृताच्या इतर विकारांत मात्र चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. वनस्पती वेगळी, औषधी भाग वेगळा आणि उपयोगही वेगळा असताना नाव एक केले, तर एखादा वाचक यकृतासाठी उटकटारीचे मूळ उगाळून घेईल.

प्रश्न : मग ‘ब्रह्मदंडी’ कसे वाटते? तीही काटेरीच आहे.

उत्तर : ते अधिक जोखमीचे आहे. मराठीत ब्रह्मदंडी म्हणजे ट्रायकोलेपिस ग्लॅबेरिमा, आणि ती थिसलच्या गटातलीच आहे. पण दक्षिणेत हेच नाव आर्गेमोन मेक्सिकानाला, म्हणजे आपल्या पिवळ्या धोत्र्याला लावतात. हा पिवळा धोत्रा धोत्र्याच्या कुळातला नाही आणि थिसलच्याही नाही. तो अफूच्या कुळातला आहे. त्याच्या बियांच्या तेलात सँग्विनारिन हे विषारी द्रव्य असते आणि मोहरीच्या तेलात त्या तेलाची भेसळ झाल्याने 1998 मध्ये दिल्लीत जलशोफाची (अंगात पाणी साचून सूज येण्याच्या विकाराची) मोठी साथ आली होती. औषधाच्या मजकुरात असे दोन झाडांचे नाव वापरणे मला पटत नाही.

तुमच्या लेखात पहिल्या उल्लेखाला ‘मिल्क थिसल (सिलिबम मारियानम)’ असे लिहून पुढे नुसते ‘मिल्क थिसल’ ठेवावे.