देहभ्रम, देहभास की आणखी काही?

प्रश्न

विज्ञानाच्या मासिकासाठी लेख लिहिते आहे. 1998 साली मॅथ्यू बॉट्विनिक आणि जोनाथन कोहेन यांनी ‘नेचर’मध्ये एक प्रयोग छापला. माणसाचा खरा हात पडद्याआड ठेवायचा, समोर रबराचा हात मांडायचा आणि दोन्हींवरून एकाच वेळी ब्रश फिरवायचा. थोड्या वेळाने रबरी हातच आपला वाटू लागतो. ‘बॉडिली इल्यूजन’ला मी ‘देहभ्रम’ लिहिलं, पण ते खटकतंय. ‘बॉडी ओनरशिप’चं ‘शरीराची मालकी’ केलं, तर सातबारा वाचल्यासारखं वाटतं. ‘सोशल अटेन्शन’ला काय म्हणावं, तेही सुचवा.

प्रतिसाद

ताई, ‘भ्रम’ नको. मराठीत भ्रम म्हटलं की खोटी समजूत आली. भ्रमिष्ट, भ्रमनिरास हे शब्द आठवा. या प्रयोगातल्या माणसाची समजूत मुळीच खोटी नसते. हात रबराचा आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं, विचारलं तर तसं सांगतोही. तरी वाटायचं ते वाटतच राहतं. याला आपण ‘भास’ म्हणतो. ‘देहभास’ लिहा.

प्रतिसाद

पण भासाला वस्तू लागत नाही. कुणी हाक मारल्याचा भास होतो तेव्हा हाक मारणारं कुणी नसतंच. इथे ब्रश खरा, स्पर्श खरा, समोरचा हातही खरोखर तिथे आहे; फक्त जोडणी चुकते. दोरीच्या जागी साप दिसतो त्याला आपल्याकडे भ्रमच म्हणत आले आहेत.

प्रतिसाद

दोरीवरचा साप दिवा आणला की जातो. रबरी हात ‘रबराचा आहे’ हे कळल्यावरही जात नाही. हा फरक वेदान्ताच्या अभ्यासकांनी फार पूर्वी टिपला आहे. निरुपाधिक भ्रम ज्ञानाने नाहीसा होतो. सोपाधिक भ्रम मात्र, ज्या कारणाने तो उभा राहिला ते कारण हटेपर्यंत टिकतो. जास्वंदीच्या फुलाजवळ ठेवलेला स्फटिक लाल दिसतो. तो मुळात रंगहीन आहे हे माहीत असूनही फूल उचलेपर्यंत लालच दिसतो. रबरी हाताच्या प्रयोगात ब्रशची एकतालता ही ती उपाधी, म्हणजे भ्रम उभा करणारं कारण. दोन ब्रश मागेपुढे फिरवले की हात आपला वाटणं फार कमी होतं किंवा होतच नाही. शास्त्रीय लेखात ‘सोपाधिक देहभ्रम’ अगदी नेमका बसेल. मासिकाच्या वाचकांसाठी ‘देहभास’ ठेवा आणि ही फोड एका वाक्यात सांगा.

प्रतिसाद

माझा आग्रह ‘भास’चाच आहे, आणि त्याला कारण रुग्ण आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. हात कापावा लागलेल्या माणसाला नसलेला हात दुखतो. विलयनूर रामचंद्रन यांनी 1990च्या दशकात आरशाची पेटी वापरून दाखवली: शाबूत हाताचं प्रतिबिंब नसलेल्या हाताच्या जागी दिसतं, तो हात हलल्यासारखा वाटतो आणि काहींची कळ कमी होते. सगळ्यांना गुण येतो असं नाही. पण अशा माणसाला ‘तुम्हाला भ्रम होतोय’ म्हटलं, तर त्याला आपण वेडा ठरवल्यासारखं वाटतं. ‘असा भास होतो, बऱ्याच जणांना होतो’ म्हटलं की तो मोकळेपणाने बोलतो.

प्रतिसाद

‘मालकी’ऐवजी ‘माझेपण’ सुचवतो. प्रयोगातल्या माणसांना साधारण ‘हा हात माझाच आहे असं वाटलं का’ असंच विचारतात. दुसरं एक मोजमाप वेगळं आहे, ते यात मिसळू नका: डोळे मिटून आपला हात कुठे आहे ते दाखवायला सांगितलं की बोट रबरी हाताच्या बाजूला सरकतं. त्याला ‘स्थानबोध सरकणे’ म्हणता येईल. तिसरं मोजमाप कातडीच्या घामाचं. 2003 मध्ये आर्मेल आणि रामचंद्रन यांनी रबरी हाताचं बोट मागे वाकवलं, तेव्हा पाहणाऱ्याला घाम सुटल्याची नोंद झाली. आणि लेखात एक सावधगिरीही हवी. पीटर लश आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये दाखवलं की सूचनेनुसार अनुभव घडवण्याची क्षमता ज्यांच्यात जास्त, त्यांना हा भासही जास्त होतो. म्हणजे ब्रशइतकाच अपेक्षेचाही वाटा असू शकतो.

प्रश्नकर्ती

‘माझेपण’ घेतलं! ‘सेल्फ-पर्सेप्शन’ला आत्मप्रतिमा चालेल? आणि दुसऱ्याच्या शरीरात शिरल्यासारखं वाटण्याला ‘परकायाप्रवेश’?

प्रतिसाद

आत्मप्रतिमा म्हणजे आपण स्वतःला कसे समजतो ते: हुशार, कुरूप, भित्रे. इथे ‘देहभान’ हवं. कीर्तनात देहभान हरपतं, इथे ते हरपत नाही, जागा आणि माप बदलतं. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत 2011 मध्ये लोकांना चष्म्यातून, स्वतःच्या जागी, 30 सेंटिमीटरच्या बाहुलीचं शरीर दाखवलं. बाहुलीला आणि त्यांना एकाच वेळी स्पर्श केल्यावर त्यांना आजूबाजूच्या वस्तू मोठ्या आणि दूर वाटू लागल्या. देहभान बदललं तसं जगाचं मापही बदललं.

परकायाप्रवेश टाळा. शंकराचार्य अमरू राजाच्या देहात गेले, तेव्हा त्यांचा स्वतःचा देह मागे निश्चेष्ट पडून होता अशी कथा आहे. पेटकोवा आणि एरसन यांच्या 2008च्या प्रयोगात माणूस दुसऱ्याच्या जागेवरून स्वतःच्याच जिवंत देहाशी हस्तांदोलन करतो. मला ‘देहबदलाचा भास’ पुरेसा वाटतो.

प्रतिसाद

‘सामाजिक लक्ष’ नको, समाजाचं लक्ष आपल्याकडे आहे असा अर्थ होतो. मुद्दा दुसऱ्याच्या नजरेमागे जाणाऱ्या लक्षाचा आहे. 1998 मध्ये फ्रीझन आणि किंग्स्टोन यांनी साध्या रेखाटलेल्या चेहऱ्याचे डोळे डावी-उजवीकडे वळवले. त्या नजरेवरून खूण कुठे येईल ते कळत नाही असं आधीच सांगितलं होतं, तरी नजरेच्या बाजूची खूण लोकांना लवकर टिपता आली. ‘नजरेमागे जाणारं लक्ष’ असंच लिहा. पारिभाषिक शब्द हवाच असेल तर ‘नजरानुगामी अवधान’.

देहभासाशी धागा चेहऱ्याचा आहे. 2008 मध्ये मॅनोस त्साकिरिस यांनी स्वतःच्या आणि समोर दिसणाऱ्या परक्या चेहऱ्याला एकाच वेळी स्पर्श होईल अशी योजना केली. नंतर दोघांच्या मिश्र छायाचित्रांत लोकांना परक्याचा अंश आधीपेक्षा जास्त असतानाही ‘हा मीच’ वाटू लागलं. मग ज्याच्या चेहऱ्यात माझेपण मिसळलं, त्याच्या नजरेमागे लक्ष जास्त जातं का, हा पुढचा प्रश्न. तुमच्या लेखात दोन्ही विषय इथे एकत्र आणता येतील.

प्रतिसाद

क्रियापद तेवढं सांभाळा: प्रयोगकर्ते देहभास ‘घडवतात’, माणसाला तो ‘होतो’. ‘देहभास केला’ असं कुठे लिहू नका.