जनसुनावणीच्या भरवशावर राहू नका

नव्या गृहप्रकल्पामुळे ट्रॅफिक वाढेल, पाणी पुरणार नाही; पर्यावरण मंजुरीच्या वेळी जनसुनावणी होईल, तेव्हा सगळे मिळून हरकती मांडू, असं या चर्चेत वर दोघातिघांनी लिहिलंय. हे मुद्दे शंभर टक्के पटतात, पण ही सुनावणी व्हायचीच नाही. २००६च्या केंद्रीय अधिसूचनेत २०,००० चौरस मीटर किंवा जास्त बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते खरी, मात्र इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सरळ सूट आहे. बिल्डरला हे पक्कं ठाऊक असतं, आपल्यालाच नसतं!

त्यापेक्षा पर्यावरण मंजुरीच्या अर्जांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या 'परिवेश' पोर्टलवर बिल्डरचा अर्ज शोधा आणि पाणी कुठून आणणार हे सांगणारा तक्ता आधी वाचा. आमच्या पुण्यातल्या बाणेरच्या गल्लीत मागच्या स्कीमच्या अर्जात स्रोत 'महापालिका' असा छापलेला. आज तिथे पहाटेपासून टँकर रिव्हर्स घेतात, बीप-बीप थेट आमच्या बेडरूममध्ये. महापालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही पुरवू, असं बिल्डरने दिलेलं हमीपत्र असतं. त्याची प्रत माहिती अधिकारात आत्ताच मागून ठेवा. पझेशननंतर टँकरचं बिल हळूच मेंटेनन्समध्ये येतं, तेव्हा तोच कागद नव्या रहिवाशांच्याही कामी येईल.