टू गन्सला कोणी गेलंय का इतक्यात? मदत हवी आहे

ॲरिझोनात फ्लॅगस्टाफच्या पूर्वेला, रूट ६६ या जुन्या हायवेवरचं टू गन्स हे ओसाड गाव. कॅन्यन डायब्लोच्या काठावर दगडी प्राणिसंग्रहालयाचे अवशेष, भिंतीवर अजून 'माउंटन लायन्स' लिहिलेलं, बाकी सगळीकडे ग्राफिटी. डिसेंबरात आईबाबांना घेऊन मिटिओर क्रेटर बघायला चाललोय, तो आय-४० हायवेच्या एक्झिट २३३ ला आणि हे २३० ला म्हणजे वाटेतच, म्हणून थांबायचा विचार आहे. मॅप्स, रिव्ह्यू, व्हिडिओ सगळं पालथं घातलं पण बरंच जुनं निघालं, त्यात कोणी म्हणतं खाजगी जागा आहे, कोणी म्हणतं बिनधास्त जा. गाडी साधी सेडान, बाबांचे गुडघे दुखतात, त्यामुळे दरीत किंवा गुहेत उतरायचं नाहीच, फक्त अवशेष आणि १९१५चा जुना पूल बघायचाय. तर सध्या गेट उघडं असतं का, आणि सेडान पुलापर्यंत जाते की आधीच लावून चालावं लागतं?