आवर्त, आवर्तन आणि आवर्तसारणी

माझी भाची यंदा दहावीला आहे. परवा विज्ञानाच्या पुस्तकातली आवर्तसारणी, म्हणजे मूलद्रव्यांचा तक्ता, उघडून म्हणाली, "मामा, आवर्त म्हंजे आडवी ओळच ना? मग ओळ का नाही म्हणायलेत?"

आमचं गाव पाथरीकडचं, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावरचं. रब्बीत पारावर एकच विषय: आवर्तन कधी सुटायलंय? पाणी येतं, शिवार भिजतं, कालवा बंद होतो, आणि काही दिवसांनी पुन्हा पहिल्यापासून. तबल्याचं आवर्तन समेवर परत येतं, गणपतीत अथर्वशीर्षाची आवर्तनं होतात. मुळात 'वृत्' म्हणजे फिरणं. 'आ' लागला की वळून परत येणं. संस्कृतात पाण्यातल्या भोवऱ्यालाही आवर्तच म्हणतात.

म्हणून तिला सांगितलं, आवर्त हे ओळीचं नाव नाही, फेरीचं आहे. लिथियमची इलेक्ट्रॉन मांडणी २, १, म्हणजे आतल्या कवचात २ आणि बाहेरच्या कवचात १. तिथून एकेक इलेक्ट्रॉन वाढत निऑनला २, ८ होते; कवच भरलं, फेरी संपली. पुढचा सोडियम २, ८, १. नवं कवच उघडलं आणि बाहेर पुन्हा एकटा इलेक्ट्रॉन. त्यामुळे स्वभावही लिथियमचाच: चाकूने कापता येईल इतका मऊ, पाण्यात पडला की हायड्रोजन सोडणारा. अशी परत आलेली मूलद्रव्यं एकाखाली एक बसतात, तो गण. आणि कितवं आवर्त, यावरून अणूत किती कवचं आहेत ते कळतं.

'सारणी' आपण तक्ता या अर्थी वापरतो, पण संस्कृतात सारणि म्हणजे पाण्याचा पाटसुद्धा. दोन्ही शब्दांत पाणी आहे, हे लक्षात आल्यापासून मला हा जोडशब्द फार आवडायला लागला.

प्रतिसाद: पटलं, पण एक अडचण आहे. तीनतालाचं आवर्तन दर वेळी १६ मात्रांचंच असतं. इथे पहिलं आवर्त २ मूलद्रव्यांचं आणि सहावं ३२ चं. याला आवर्त कसं म्हणायचं?

उत्तर: न्यूलँड्स हा रसायनशास्त्रज्ञ याच ठिकाणी अडला. त्याने अष्टकांचा नियम मांडला, म्हणजे स्वरांसारखं दर आठवं मूलद्रव्य पहिल्यासारखं. कॅल्शियमपर्यंत ते जुळलं, पुढे विस्कटलं. म्हणून मला इथे तबल्यापेक्षा कालवा जवळचा वाटतो. प्रत्येक आवर्तन तितक्याच दिवसांचं नसतं, तरी ते आवर्तनच. अणूत एस उपकवचात २, पी मध्ये ६, डी मध्ये १०, एफ मध्ये १४ इलेक्ट्रॉन मावतात. जसजशी उपकवचं भरायला येतात तशी फेरी लांबते: २, ८, ८, १८, १८, ३२, ३२. बेरीज करून पाहा, ११८ येते. आज माहीत असलेली सगळी मूलद्रव्यं.

आणि फेरी मोजायची अणुअंकाने, म्हणजे अणुकेंद्रातल्या प्रोटॉनांच्या संख्येने. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये आपली सारणी मांडताना अणुवस्तुमानाचा क्रम धरला होता. त्या हिशेबाने पोटॅशियम (३९.१०) अरगॉनच्या (३९.९५) आधी येईल आणि एक निष्क्रिय वायू सोडियमखाली जाऊन बसेल. मोजले या शास्त्रज्ञाने १९१३ मध्ये क्ष-किरणांवरून अणुअंक पक्का केला तेव्हा ही गाठ सुटली.

आणखी एक प्रतिसाद: मी संस्कृत शिकवते. माझ्या तासाला मुलं 'भू हा पहिल्या गणाचा धातू' म्हणतात आणि पुढच्याच तासाला 'सोडियम हा पहिल्या गणाचा धातू'. एकदा एकीने विचारलं, दोन्ही एकच का?

उत्तर: बाई, हे मला सुचलंच नव्हतं! पण गण शब्दाचं काम दोन्हीकडे सारखंच आहे. भू, गम् वेगळे दिसतात, तरी भवति, गच्छति करताना दोघांनाही मध्ये तोच 'अ' लागतो, म्हणून एका गणात. सोडियम, पोटॅशियम शेवटचा एक इलेक्ट्रॉन सारखाच सोडतात, म्हणून एका गणात. हायड्रोजन मात्र पहिल्या गणात बसूनही अधातू आहे. भाचीने लगेच तो पकडला, आणि तिथे मला 'धातू' शब्द मागे घेऊन नुसतं 'मूलद्रव्य' म्हणावं लागलं.