मदत हवी आहे: ब्रेक्झिटनंतरच्या व्यापाराबद्दल मंत्र्यांना काय विचारू? (तातडीचं)

लेस्टरकर
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, आज लिहायची वेळ आली. इथे इंग्लंडात, लेस्टरला, आमच्या खासदारांना भेटून आलो. ते म्हणाले, तुमचं म्हणणं दोन-तीन ओळींच्या प्रश्नात लिहून द्या, मी मंत्र्यांना विचारतो. शुक्रवारपर्यंत द्यायचंय.

तक्रार साधी आहे. २४ डिसेंबर २०२० ला ब्रिटन आणि युरोपीय संघाचा व्यापार करार झाला तेव्हा त्या वेळचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन टीव्हीवर सांगत होते की युरोपशी व्यापारात जकात नाही आणि जकातीशिवायचे अडथळेही नाहीत. आता सरकार दुसऱ्या पक्षाचं आहे, पण करार तोच. मग म्युनिकच्या माझ्या गिऱ्हाइकाला ड्युटी का भरावी लागते? आणि लाडू परत का येतात? २०२५ ची दिवाळी तोंडावर आली आहे.

मुद्देसूद प्रश्न सुचवा. ब्रेक्झिट चूक की बरोबर ही चर्चा नको, ती नऊ वर्षं चालू आहे.

मिरजेची_मावशी
लाडू परत आले म्हणजे नक्की काय झालं? फुटले होते का? बेसन मंद आचेवर नीट भाजलं नसेल तर प्रवासात भुगा होतो. पाक करून करा, टिकतात.

लेस्टरकर
मावशी, लाडू उत्तम होते. कस्टम्सने परत पाठवले.

न्हावाशेवा
सीएचएकडे (कस्टम्सचे कागद करणाऱ्या एजंटकडे) उमेदवारी करून आता स्वतःचं काम बघतो, म्हणून विचारतो. तुम्ही काहीच सांगितलेलं नाही. माल काय? बनतो कुठे? गिऱ्हाईक म्हणजे घरगुती माणूस की दुकानदार? पार्सलची किंमत किती? एचएस कोड, म्हणजे कस्टम्सच्या यादीतला मालाचा नंबर, कोणता टाकला? हे कळल्याशिवाय मंत्री काय, ब्रह्मदेवही उत्तर देणार नाही.

थेम्सकाठी
धागाकर्त्याने नको म्हटलंय तरी एक आठवण सांगतोच. जानेवारी २०२१ मध्ये मत्स्यमंत्री व्हिक्टोरिया प्रेंटिस यांना ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहाच्या, लॉर्ड्सच्या, समितीत विचारलं होतं की करार हातात आला तेव्हा वाचून धक्का बसला का. उत्तर होतं, नाही, तेव्हा मी गावातल्या नाताळच्या कार्यक्रमाच्या तयारीत होते. त्याच आठवड्यात त्याच सरकारातले जेकब रीस-मॉग भर सभागृहात म्हणाले की मासे आता ब्रिटिश आहेत, म्हणून जास्त सुखी आहेत. तिकडे स्कॉटलंडची मासळी कागदपत्रांपायी बंदरावर सडत होती, आणि काही दिवसांत मासळीवाले ट्रक घेऊन लंडनला व्हाइटहॉलवर, सरकारी कचेऱ्यांसमोर, निषेधाला आले. तेव्हा मंत्र्यांच्या उत्तराकडून फार अपेक्षा ठेवू नका.

खवचट_खानदेशी
आपल्याकडे तारांकित प्रश्नाला "होय, हे खरे आहे" आणि "प्रश्न उद्भवत नाही" एवढं तरी छापून मिळतं.

लेस्टरकर
@न्हावाशेवा माल नेहमीचाच. भाजणी, गोडा मसाला, मेतकूट, पापड. आणि दिवाळीत फराळ. इथे लेस्टरला पॅक होतो, लेबल इथलं, कंपनी इथली, टॅक्स इथे भरतो. म्हणजे ब्रिटिश माल झाला ना? मग करारात बसलाच पाहिजे.

न्हावाशेवा
पॅक होतो. बनतो कुठे?

लेस्टरकर
बहिणीचा साताऱ्याला घरगुती उद्योग आहे. तिथून मोठ्या गोणीत येतो, इथे अर्ध्या किलोच्या पिशव्या भरतो. पण त्याचा इथे काय संबंध? इथली ड्युटी मी आधीच भरलेली असते.

न्हावाशेवा
सगळा संबंध तिथेच आहे. त्या करारात शून्य जकात आहे ती ब्रिटनमध्ये किंवा युरोपीय संघात बनलेल्या मालाला. ब्रिटनमधून निघालेल्या प्रत्येक मालाला नाही. गोणी फोडून पिशव्या भरल्या, लेबल लावलं, चाळलं, नुसतं एकत्र मिसळलं तरी मालाचं मूळ बदलत नाही. तुमची भाजणी युरोपच्या दृष्टीने भारतीयच. म्हणून एकाच मालावर दोनदा ड्युटी बसते, एकदा तुम्ही भरता, एकदा ते भरतात. तुम्ही एकटे नाही, सुरुवातीला मोठमोठे कपडेवाले यातच अडकले होते. आशियातून कपडे आणायचे, इंग्लंडच्या गोदामात ठेवायचे आणि तिथून आयर्लंडच्या दुकानांत पाठवायचे, हे गणितच बसेना.

मंत्र्यांना असा प्रश्न गेला तर उत्तर एका ओळीत येईल: मूळदेशाच्या अटी पूर्ण करणाऱ्या मालाला जकात नाही. संपलं.

म्युनिकची_सुमा
थांबा, मी इथे जर्मनीत राहते आणि अशी पार्सलं मागवते. (तुमच्याकडूनच मागवली असतील तर माहीत नाही!) आत्ता, २०२५ मध्ये तरी, १५० युरोच्या आतल्या पार्सलला कस्टम्स ड्युटी लागत नाही, माल कुठल्याही देशातला असो. लागतो तो व्हॅट. आधी २२ युरोपर्यंत तोही माफ होता, १ जुलै २०२१ पासून ती सूट गेली. तुमच्या गिऱ्हाइकाने किती भरले?

लेस्टरकर
पार्सल साठ युरोचं, तिला अठ्ठावीस युरो मागितले. जवळजवळ निम्मे! ही ड्युटी नाही तर काय आहे? आणि एका दुकानदाराला पॅलेट पाठवलं होतं, त्याच्याकडून तर भरपूर घेतले.

म्युनिकची_सुमा
हे आधी का नाही सांगितलं? दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॅलेटवर न्हावाशेवा म्हणतात ती ड्युटी. साठ युरोच्या पार्सलवर खाद्यपदार्थांचा व्हॅट इथे ७ टक्के, तोही पोस्टेज धरून, म्हणजे पाचेक युरो. बाकीची कुरिअरवाल्याची फी. व्हॅट आम्ही तुमच्या वतीने सरकारला भरला, कागद आम्ही केले, म्हणून एवढे द्या. सरकारशी त्याचा काही संबंध नाही.

यावर उपाय आयओएसएस, म्हणजे युरोपच्या व्हॅटसाठी विक्रेत्याची एकच नोंदणी. विकतानाच व्हॅट घ्यायचा, नंबर पार्सलच्या डेटात द्यायचा, मग दारात कोणी पैसे मागत नाही. युरोपबाहेरच्या विक्रेत्याला त्यासाठी युरोपातला मध्यस्थ नेमावा लागतो, त्याची वार्षिक फी असते. धंदा किती आहे त्यावर परवडतं की नाही ते ठरवा.

बेलफास्टवाला
एवढा आटापिटा कशाला? नॉर्दर्न आयर्लंड मालाच्या बाबतीत अजून युरोपच्या नियमांतच आहे. माझ्याकडे बेलफास्टला पाठवा, इथून डब्लिनला जाताना वाटेत कस्टम्स चौकीच नाही. मी दर महिन्याला गाडीने जातो.

न्हावाशेवा
बेलफास्टवाले, धंदेवाईक माल असा पाठवायला सांगू नका. नॉर्दर्न आयर्लंडबाबत ब्रिटन आणि युरोपने ठरवलेल्या २०२३ च्या विंडसर फ्रेमवर्कमध्ये हिरवी लेन आहे ती नॉर्दर्न आयर्लंडमध्येच खपणाऱ्या मालासाठी. पुढे डब्लिनला जाणार हे माहीत असताना हिरव्या लेनने आणला तर ती खोटी घोषणा झाली. लाल लेनने आणा, पूर्ण कागद करा, मग काय वाचलं?

बेलफास्टवाला
दोन किलो भाजणीसाठी कोणी तुरुंगात जात नाही हो.

न्हावाशेवा
दोन किलोची पॅलेट नसते.

थेम्सकाठी
बेलफास्टवाल्यांचा मुद्दा राजकीयदृष्ट्या मात्र बरोबर आहे. एकाच देशाच्या एका भागातून दुसऱ्या भागात मटण आणि दूध पाठवताना "नॉट फॉर ईयू" असा शिक्का मारावा लागतो, हे जगात आणखी कुठे आहे? विचारा मंत्र्यांना.

लेस्टरकर
माझा प्रश्न डब्लिनचा नाही, म्युनिकचा आहे. लाडवांचं कोणी बोलतच नाही.

म्युनिकची_सुमा
लाडवात तूप आहे ना? तूप म्हणजे दुग्धजन्य. युरोपबाहेरून, म्हणजे आता ब्रिटनमधूनसुद्धा, मांस आणि बहुतेक दुग्धजन्य वस्तू खासगी पार्सलमधून किंवा सामानातून आणायला बंदी आहे. आठवतं का, जानेवारी २०२१ मध्ये हॉलंडच्या बंदरात ट्रक ड्रायव्हरांचे हॅम सँडविच काढून घेतले होते आणि डच अधिकारी म्हणाला, वेलकम टू द ब्रेक्झिट, सर? तोच नियम. धंदा म्हणून पाठवायचे तर तूप युरोपने मान्य केलेल्या डेअरीतलं आहे याचे कागद लागतात. साताऱ्याच्या घरच्या तुपाचे ते मिळणार नाहीत.

मिरजेची_मावशी
तेलातले करा मग. नाहीतर वनस्पती तुपातले. आमच्या लहानपणी डालड्याचेच असायचे.

लेस्टरकर
मावशी, डालड्याचे लाडू माझ्या नावावर विकू?

म्युनिकची_सुमा
हसू नका, इथे व्हीगन म्हणून चढ्या भावाने जातील.
आणि गोड्या मसाल्यात तीळ असतो, तेही बघा. २०२० मध्ये भारतातल्या तिळात इथिलीन ऑक्साइड सापडलं आणि युरोपभर बिस्किटं-ब्रेड परत मागवले गेले. तेव्हापासून भारतीय तीळ आणि मिरची यांच्यावर जास्त नजर असते.

खवचट_खानदेशी
यावरून आठवलं. ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये आपण आरसेपला, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांच्या व्यापार कराराला, नकार दिला तोही बऱ्याच अंशी दूधवाल्यांसाठी. न्यूझीलंडची पावडर आली असती तर गावोगावच्या संस्था बसल्या असत्या. उरलेल्या पंधरा देशांनी पुढच्या वर्षी सही केली. आपलं काय अडलं?

थेम्सकाठी
तुलना चुकीची आहे. भारत आत गेलाच नव्हता. ज्या घरात कधी राहिलो नाही ते सोडणं आणि ४७ वर्षं राहून बाहेर पडणं यात फरक आहे. आत असताना जुळलेली पुरवठा साखळी तोडावी लागते, दुखतं ते तिथे. आणि गंमत बघा, युरोपने पहिल्या दिवसापासून ब्रिटिश मालाची तपासणी सुरू केली, ब्रिटनने मात्र युरोपच्या खाद्यमालाची तपासणी पुढे ढकलत ढकलत २०२४ मध्ये आणली. आपल्या निर्यातदाराला त्रास, त्यांच्या निर्यातदाराला सवलत. तीन वर्षं!

खवचट_खानदेशी
तीळ, तूप, आरसेप. धागाकर्त्याचा शुक्रवार जवळ येतोय.

न्हावाशेवा
बरं, कामाचं बोलू. लेस्टरकर, आधी खासदारांना सांगा की तोंडी नको, लेखी प्रश्न द्या. तोंडी प्रश्न सोडतीने निघतात, नंबर लागला नाही तर गेलं. दुसरं, कुठल्या मंत्र्याला? युरोपशी संबंध कॅबिनेट ऑफिसकडे, निक थॉमस-सिमंड्स बघतात. कस्टम्स ट्रेझरीकडे, म्हणजे अर्थखात्याकडे. अन्नाची तपासणी डेफ्राकडे, म्हणजे पर्यावरण आणि अन्न खात्याकडे. चुकीच्या खात्याला गेला तर "हा विषय अमुक खात्याचा" एवढंच उत्तर.

प्रश्न असे ठेवा:
कॅबिनेट ऑफिसला: १९ मे २०२५ च्या लंडन बैठकीत अन्न आणि वनस्पतींच्या तपासणीबाबत युरोपशी करार करायचं ठरलं. तो झाल्यावर दुग्धजन्य घटक असलेल्या खाद्यपदार्थांची लहान पार्सलं ग्राहकांना पाठवता येतील का, आणि कधीपासून?
ट्रेझरीला: दुसऱ्या देशातून आणून पुन्हा युरोपला पाठवल्या जाणाऱ्या मालावर ब्रिटनमध्ये भरलेली ड्युटी लहान व्यापाऱ्याला टाळता किंवा परत मिळवता यावी यासाठी काय सोय आहे?

दुसऱ्याचं उत्तर मला माहीत आहे: कस्टम्स वेअरहाउस, म्हणजे ड्युटी न भरता माल ठेवायचं मंजूर गोदाम. पण मंत्र्यांच्या तोंडून लेखी आलं की तुमचा अकाउंटंट हलेल.

लेस्टरकर
पहिला चांगला आहे. दुसऱ्यात "शून्य जकात म्हणाला होतात" हे कुठे आहे? ते आलंच पाहिजे. भारत-ब्रिटन करारही झाला ना जुलैत? त्याचाही उल्लेख घाला. त्यातून साताऱ्याचा माल स्वस्त होईल.

न्हावाशेवा
२४ जुलै २०२५ ला सह्या झाल्या. लागू झाला तरी तो भारत ते ब्रिटन एवढाच. ब्रिटन ते म्युनिक त्याचा उपयोग नाही. खरं सांगायचं तर म्युनिकचा माल लेस्टरला नेताच कशाला? साताऱ्याहून थेट हॅम्बुर्गला किंवा रॉटरडॅमला पाठवा, तिथे एखादं गोदाम बघा. थेट गेला तर काही वस्तूंना युरोपची जीएसपी, म्हणजे विकसनशील देशांच्या मालाला असलेली जकातीतली सवलतही मिळू शकते. बहिणीची रेक्स नोंदणी आहे का?

लेस्टरकर
ते नंतर बघू. शुक्रवारी प्रश्न द्यायचाय.

बेलफास्टवाला
रेक्स म्हणजे काय?

म्युनिकची_सुमा
निर्यातदाराने बीजकावर स्वतःच मूळदेश लिहून द्यायची नोंदणी. लेस्टरकर, गोदामाचं खरंच विचारा, माझ्या ओळखीत न्यूरेम्बर्गजवळ एक किराणावाले आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. आणि त्या अठ्ठावीस युरोवाल्या बाईंना सांगा, कुरिअरची पावती जपून ठेवा, व्हॅट किती आणि फी किती ते त्यावर वेगवेगळं लिहिलेलं असतं.

लेस्टरकर
व्यनि केला. प्रश्न पाठवतोय, वरती "शून्य जकात" टाकून.

न्हावाशेवा
टाका. उत्तर आलं की इथे चिकटवा.

मिरजेची_मावशी
इंग्लंडहून कोणी डिसेंबरात मिरजेला येणार आहे का? भाच्याचा चष्मा तिकडेच राहिलाय.